पद्माची दहा नखं

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे डब्यांची झाकणं आणि दुसरी म्हणजे किस्से. झाकणं आमच्या शिपाई कमलमावशी दर दिवाळीला पिशवीत भरून घेऊन जातात. किस्से न्यायला कुणी येत नाही, ते आमच्याच गळ्यात! त्यातले निम्मे चारचौघांत सांगण्यासारखे नसतात आणि उरलेले सांगितल्याशिवाय राहवत नाही. यंदा मार्च-एप्रिलमध्ये तर असा ढीग लागला की विचारू नका. आणि सगळे एकाच विषयावरचे. नखं!

आधी मंडळी सांगते. आमची शाळा सोलापुरात, मुलींची. मी मराठी शिकवते, ज्योती विज्ञान, नसरीन चित्रकला आणि पद्मा गणित. चौघींची वयं चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं, पण एकत्र बसलो की अक्कल सातवी ब ची.

शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखांची तपासणी असते. मुलींनी हात पुढे करायचे, वर्गशिक्षिकेनं बघायचे. नख वाढलेलं दिसलं तर डायरीत शेरा, नेलपॉलिश दिसलं तर थेट मोठ्या बाईंपुढं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. हा नियम शिक्षिकांनाही लागू. त्यामुळे आमचं वेळापत्रक ठरलेलं! शनिवारी शाळा सुटली की लावायचं, रविवारी मिरवायचं आणि सोमवारी सकाळी चहाच्या आधी पुसून टाकायचं. मग तोंड गंभीर करून पोरींना दटावायचं, "काय गं, शाळेत हे शोभतं का?"

पद्माला पुसायची वेळच यायची नाही, कारण तिला नखंच नव्हती. पेपर तपासायला बसली की बाई उजव्या हातानं लाल पेन चालवायची आणि डाव्या हाताची नखं खायची. घटक चाचणीला डावा हात पुरायचा. वार्षिक परीक्षेला उजवाही संपायचा.

एकदा मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेला सांगितलं, "या पद्माबाईंची नखं बघा. इतक्या वर्षांत एकदासुद्धा वाढलेली दिसली नाहीत. याला म्हणतात शिस्त!"

पोरींनी कडाडून टाळ्या वाजवल्या!

*

फेब्रुवारीच्या शेवटी पद्माचं लग्न ठरलं. वय एकोणचाळीस. घरचे लोक विणकर समाजातले, वडील आयुष्यभर मागावर उभे राहिलेले, त्यांनी आशा सोडून दिली होती. आणि अचानक टेंभुर्णीचं एक चांगलं स्थळ आलं. व्यंकटेशराव त्यांचं नाव. पद्मानं स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि स्वतःचा पेढा हातात धरून नुसती बसून राहिली.

"अगं, नखं खाती तेवढ्या प्रेमानं पेढा खा की!" नसरीन म्हणाली.

झालं! पद्मा रडायलाच लागली. आम्ही तिघी हबकलो. मग तिनं जे सांगितलं ते आम्हाला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांची असताना तिला एक स्थळ बघायला आलं होतं. मुलाच्या मावशीनं सगळ्यांसमोर तिचा हात ओढून घेतला, बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "जिला स्वतःची नखं राखता येत नाहीत, ती घर काय राखणार?" ते स्थळ मोडलं. पुढची तीन-चार हिनंच मोडली, हात दाखवायला नकोत म्हणून. मग बघणंच बंद केलं.

व्यंकटेशरावांना ती दोनदा भेटली होती. दोन्ही वेळा हात पदराखाली! चहासुद्धा नको म्हणाली होती, कप धरावा लागेल म्हणून.

"त्यांनी माझे हात अजून बघितलेले नाहीत गं," ती म्हणाली. "साखरपुड्याला सगळ्यांदेखत बोट पुढं करायचंय. बघितले की तेही नाही म्हणतील."

मला त्या मावशीचा असा संताप आला! इतकी वर्षं झाली, ती बाई हे बोलून कधीच विसरली असेल, आणि आमची पोरगी अजून पदराखाली हात घालून बसलीय. साखरपुडा एप्रिलमधल्या एका रविवारी होता. सात आठवडे आणि दहा नखं, असा संकल्प आम्ही तिथंच सोडला.

पहिल्याच शनिवारी तिला पार्लरमध्ये नेलं. नसरीननं ऑर्डर दिली, "फ्रेंच मॅनिक्युअर पाहिजे." म्हणजे नखाला फिकट गुलाबी रंग आणि टोकाला पांढरी कड. जुनी पण खानदानी फॅशन! पार्लरवाल्या पोरीनं पद्माचे हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, परत उलटे केले.

"करते की मॅडम," ती म्हणाली. "पण आधी नखं घेऊन या!"

त्या दिवसापासून पार्लर बंद. जे काय करायचं ते घरी, माझ्या हॉलमध्ये.

*

आधी खाणं थांबवायचं होतं. ज्योतीनं शास्त्रीय उपाय काढला. कडुनिंबाचा पाला वाटून रोज सकाळी पद्माच्या बोटांना लावायचा. पहिल्या दिवशी पद्मानं तोंड वेडंवाकडं केलं. दुसऱ्या दिवशी कमी केलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "आता बरं लागतंय. पोटही साफ राहतं."

कमलमावशी फडकं मारता मारता हे सगळं ऐकत होत्या. त्या करमाळ्याकडच्या. त्यांचा विज्ञानावर विश्वास नाही.

"बाई, त्या कडूनं काय बी व्हनार न्हाय," त्या म्हणाल्या. "उद्या मी आनते की औषद."

औषध म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा! पद्माच्या दहाही बोटांना चोळला आणि वर ताकीद दिली, "आता घाला तोंडात!"

पद्मानं तोंडात घातली नाहीत. शपथेवर सांगते, नाही घातली. तिनं सातवी ब मध्ये वर्गमुळाची चाचणी लावली, फळ्यावर उदाहरणं लिहिली, खुर्चीत बसली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

डोळ्यांतून धारा लागल्या. नाक लाल. रुमाल शोधायला गेली तर त्या बोटांनी दुसरा डोळाही चोळला गेला. सगळ्या वर्गाचं लिहिणं थांबलं. पोरींनी फळ्यावरच्या गणितांकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, मग एकमेकींकडं बघितलं. शेवटी पहिल्या बाकावरची एक पोरगी उठून उभी राहिली.

"बाई, रडू नका ना," ती म्हणाली. "येत नसली तरी आम्ही सगळी सोडवतो!"

*

पण मिरचीनं काम केलं. तीन आठवड्यांत नखं दिसायला लागली. बोटाच्या पुढं अगदी रेघेएवढी, पण आली! आम्ही रोज मधल्या सुट्टीत बघायचो. मग रंगीत तालीम करायची ठरली. पद्माची कोवळी नखं खराब व्हायला नकोत म्हणून पहिला प्रयोग माझ्यावर.

गुलाबी रंग मस्त बसला. पांढऱ्याची बाटली उघडली तर आत खडू! सोलापूरचा मार्च, बाटलीत काय राहतंय? दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला. माझ्या पर्समध्ये व्हाइटनर होतं. मार्कांची खाडाखोड झाकायला ते प्रत्येक शिक्षिकेच्या पर्समध्ये असतंच. पांढरं म्हणजे पांढरं, असा विचार केला आणि दहाही टोकांना लावलं. काय सांगू! पार्लरच्या तोंडात मारेल असं झालं. मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवरसुद्धा टाकला.

संध्याकाळी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. भाकरीचं पीठ तळहातानं रगडून रगडून मळावं लागतं, त्यात नखं कुठं वेगळी राहणार? माझ्या लक्षातही आलं नाही. भाकरी थापली, भाजली, सासूबाईंच्या ताटात वाढली. त्यांनी घास मोडण्याआधी ताट डोळ्यांजवळ नेलं.

"संक्रांत होऊन दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. "आज भाकरीला तीळ कशापायी लावलेस?"

माझी बोटं बघितली तर एकाही टोकाला पांढरं नव्हतं. मी झटकन ताट ओढलं, "थोडी करपलीय, दुसरी देते," म्हणाले आणि सगळं पीठ टाकून नवीन मळलं. सासूबाई अजून शेजारणींना सांगतात, आमची सून एवढीशी करपलेली भाकरीसुद्धा कुणाला खाऊ देत नाही!

*

मग पद्माची पाळी. तिनं अट घातली, पांढरी कड मी स्वतः आखणार. आम्ही म्हटलं, आख. बाईनं पिशवीतून कंपासपेटी काढली!

आधी प्रत्येक नखाची रुंदी मोजली. मग कागदावर दहा आकृत्या काढल्या. अंगठ्याची त्रिज्या वेगळी, करंगळीची वेगळी. कड सगळीकडं प्रमाणात दिसायला हवी म्हणून गुणोत्तर काढलं. त्यातही डाव्या आणि उजव्या अंगठ्यात फरक आला म्हणून पुन्हा मोजलं. चहा झाला, दुसरा चहा झाला. दीड तासात बाईचा एक अंगठा झाला होता.

नसरीन ब्रश धरून धरून कंटाळली. "पद्मा, नक्को गं," ती म्हणाली. "साखरपुडा हाय का भूमितीचा पेपर?"

"थांब," पद्मा मान वर न करता म्हणाली. "अजून ताळा करायचाय."

*

नसरीनचं म्हणणं वेगळंच होतं. पांढरी कड काय, कुणीही करतं. आजकाल त्या कडेवर काहीतरी करतात, मोबाइलवर बघा. तिरकी कड, रंगीत कड, दोन रेघा. "आपण सोलापूरच्या. आपली कड सोलापुरीच पाहिजे," ती म्हणाली. तिनं बारीकातला बारीक ब्रश काढला आणि माझ्या पलंगावरची चादर समोर धरून पद्माच्या दोन नखांच्या टोकांवर तिचा काठ उतरवला. लाल, काळा, पांढरा, नागमोडी. तांदळाएवढ्या जागेत! आम्ही बघतच राहिलो. नसरीनच्या हातात खरंच जादू आहे, ती इतकी वर्षं कागदी फुलं शिकवण्यात वाया चाललीय.

पद्मानं ती बोटं घरी वडिलांना दाखवली. त्यांना ती नायना म्हणते. त्यांनी उभ्या आयुष्यात चादरीच विणलेल्या. पद्माला वाटलं, म्हातारा खूश होणार. नायनांनी चष्मा लावला, लेकीचं बोट धरून तिला खिडकीपाशी नेलं आणि उजेडात काठ तपासला. 

"विणकाम बरं हाय," शेवटी म्हणाले. "धुतल्यावर रंग जातो काय?"

"पाण्यानं नाही जात, नायना. रिमूव्हरनं जातो."

नायनांनी बोट सोडलं. "मग सोलापुरी नव्हं ते!"

*

पुढच्या शनिवारी चौघींनी ती काठाची डिझाइन करून घेतली, सरावासाठी. अडचण एकच. वाळेना! एवढ्या बारीक रेघा, जरा धक्का लागला की काठ गेला. पंखा लावला तर धूळ बसते, म्हणून पंखा बंद. एप्रिलचं ऊन, दार उघडं, जाळीचा दरवाजा तेवढा लावलेला. आणि आम्ही चौघी सोफ्यावर ओळीनं, दोन्ही हात खांद्याच्या वर, बोटं फाकलेली, घामानं निथळत, तोंडातून शब्द न काढता बसलेलो. बोललं की हात हलतात, असं ज्योतीचं मत!

अशात जाळीपाशी गॅस सिलिंडरवाला आला. बेल वाजवली. कुणी उठेना. उठून करणार काय, कडी कुणी काढायची? त्यानं जाळीतून आत बघितलं. हात वर केलेल्या चार बायका. चौघींचे डोळे त्याच्यावर.

त्यानं सिलिंडर हळूच खाली ठेवला, आवाज अगदी बारीक केला.

"ताई, घाबरू नका," तो म्हणाला. "वरडू नका. नुसतं सांगा, कितीजण हायत?"

ज्योतीला वाटलं, आमचीच मोजदाद चाललीय. तीही बारीक आवाजात म्हणाली, "चार."

तो जिना उतरून जो पळाला, तो खालच्या दुकानातली सहा माणसं आणि एक कुदळ घेऊनच वर आला!

*

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. रिमूव्हरची बाटली ज्योतीनं रविवारी सोफ्यावरचा डाग काढण्यात संपवली होती आणि ते आम्हाला सोमवारी सकाळी सव्वासातला सांगितलं. दुकानं बंद. आम्ही चौघी सोलापुरी काठ घेऊन शाळेत! मी हात पुस्तकाखाली ठेवले. नसरीननं बोटांना मुद्दाम पोस्टर कलर फासला. ज्योतीनं प्रयोगशाळेतले हातमोजे घातले आणि आठवीच्या पोरींची नखं हातमोजे घालून तपासली. पोरींना वाटलं, साथ आलीय. दोघी घाबरून घरी गेल्या, त्यामुळे गोष्ट वरपर्यंत पोचली.

मोठ्या बाईंनी चौघींना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"हात पुढे करा."

वीस वर्षं जे वाक्य पोरींना म्हणत आलो, ते त्या दिवशी आमच्याच वाट्याला आलं! आठ हात पुढे झाले.  मोठ्या बाईंनी एकेक बोट बघितलं. चष्मा वर केला, परत बघितलं. मग खुर्ची मागे सारली आणि उजवा पाय चपलेतून बाहेर काढला. पाचही नखांना गर्द मरून रंग आणि टोकाला सोनेरी कड. काय सुबक!

"नियम हाताच्या नखांचा आहे," त्या म्हणाल्या. "परिपत्रक मीच काढलंय. शिक्षिकांनी निदान नीट वाचायला तरी शिकावं!"

आम्ही दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी पद्माला थांबवलं. "पद्माबाई, वाढली की तुमची," म्हणाल्या. "साखरपुड्याला मी येणार आहे. पुढच्या रांगेत बसणार."

*

साखरपुड्याच्या आधीचा शुक्रवार. दहाच्या दहा नखं जागेवर होती. शनिवारी सकाळी निकालासाठी मार्क द्यायचे म्हणून पद्मा स्टाफरूममध्ये सातवी ब चा शेवटचा गठ्ठा घेऊन बसली. आम्ही तिघी शेजारीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होतो. पहारा म्हणा ना!

एका मुलीचं उदाहरण तिला अडलं. उत्तर बरोबर आणि रीत सगळी चूक. पहिल्या ओळीपासून चूक.

"हिला उत्तर आलं कुठून?" पद्मा म्हणाली.

"शेजारणीकडनं," मी म्हटलं.

"शेजारणीचं उत्तर चुकलंय."

 आम्ही खाण्यात. वीस मिनिटं बाई त्या एका गणितात बुडून गेली. मार्क द्यावा तर रीत चूक, न द्यावा तर उत्तर बरोबर. शेवटी सुस्कारा टाकला आणि लाल पेननं लिहिलं, अर्धा मार्क. पेन खाली ठेवलं तेव्हा नसरीन किंचाळली.

अंगठीच्याच बोटाचं! बाकी नऊ शाबूत आणि नेमकं तेच मुळापर्यंत गेलं होतं.

"अर्धा मार्क दिला आणि अख्खं नख घालवलंस की गं!" नसरीन म्हणाली.

एरवी आम्ही हसलो असतो. पद्मा रडलीही नाही. नुसती त्या बोटाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मला माहीतच होतं." मला तिचं ते शांतपणे बोलणंच फार लागलं. सतरा वर्षं ती याच दिवसाची वाट बघत असल्यासारखी बोलली. मी हातातली भाकरी डब्यात ठेवून दिली.

*

आता शेवटचा किस्सा.

शनिवारी आम्ही बाजारातून तयार नखांचं पाकीट आणलं. त्यातलं एक पद्माच्या बोटाच्या मापाचं निघालं. सोबत गोंदाची नळी होती, पण ज्योतीनं तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि हात आखडला. "केमिकल आहे. कातडी भाजेल. मी लावू देणार नाही." मग काय लावायचं? चित्रकलेच्या कपाटात डिंकाची बाटली होती. डिंकानं चिकटवलं, दाबून धरलं, वर नसरीननं काठ रंगवला. रविवारी सकाळी दहा बोटांत खोटं कुठलं ते आम्हालाही ओळखू येईना.

कार्यालय माणसांनी भरलेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कूलर दोन, दोन्ही व्याह्यांच्या बाजूला. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या तशा पुढच्या रांगेत, त्यांच्या शेजारी आम्ही तिघी, मागे कमलमावशी. पद्मा पाटावर बसली होती, मोरपंखी साडीत. हातरुमालानं सारखी तळहात पुसत होती. घामानं रुमाल ओला झाला होता.

"एक सांगू?" ज्योती माझ्या कानाशी लागली. "डिंक पाण्यात विरघळतो."

"हे आत्ता सांगतेस?"

व्यंकटेशरावांना मी तेव्हाच पहिल्यांदा बघत होते. मोजकं बोलणारा, जाड मिशांचा, शांत माणूस. टेंभुर्णीच्या चौकात त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. गुरुजींनी अंगठी त्यांच्या हातात दिली. फोटोवाला पुढं सरकून गुडघ्यावर बसला. पद्मानं हात पुढं केला आणि डोळे मिटून घेतले.

अंगठी पेरावर जरा अडली. त्यांनी हलकेच दाबली. नख सुटलं, उडालं आणि हळदीकुंकवाच्या तबकात सुपारीशेजारी जाऊन पडलं.

त्यांच्याकडची एक म्हातारी बाई वाकली. "काय पडलं गं बाई ते?"

 नसरीननं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. पद्मानं डोळे उघडले, तबकात बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती हात मागे घ्यायला लागली. व्यंकटेशरावांनी हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी तबकातलं ते नख उचललं, अंगठ्यानं त्यावरचं कुंकू पुसलं, डोळ्यांजवळ नेऊन उजेडात धरलं, पालथं करून आतली बाजू बघितली. मग पद्माचं बोट वर घेतलं आणि तेही तेवढंच निरखून बघितलं. मुळापर्यंत खाल्लेलं, कडेला लालसर झालेलं.

"हा डुप्लिकेट हाय," ते म्हणाले. काउंटरवर गिऱ्हाइकाला सांगावं तसं, मोठ्यानं. "ओरिजनल जागेवर असताना हा बसवला कुणी?"

आम्ही तिघींनी तीन दिशांना तोंडं फिरवली.

त्यांनी ते नख शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं आणि अंगठी पेरावरून आत सारली. आणि आमच्या पद्मानं, नायनांच्या, मोठ्या बाईंच्या, साऱ्या मांडवाच्या देखत, दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात घातला आणि सोलापुरी काठासकट ते नख कचकन तोडलं.